कामोठ्याच्या सरांचा फोन

हे मी कुनालाच सांगितलेलं नाय. लेकालाबी नाय. तुमी माजे कोनी लागत नाय, म्हनून जमंल कदाचित.

माजी नात निकिता. बारावीला व्हती, कामोठ्याला क्लासात — ॲडव्हान्स बॅच म्हनतात. डॉक्टरकीची परीक्षा द्यायची व्हती तिला. मी शालेत गेलेच नाय. मिठागरात टोपल्या वाहिल्या, आन लगनात धवले गायले. आमच्या आगरी लगनात धवलारीन लागते, तिला सगली गानी तोंडपाठ लागतात. मना वाटायचं, घरात डोकं हाय ते माजंच. मंग एक दिवस या पोरीनं कागदावर मानसाचं कालीज काढलं — रगत कुटून येतं, कुटं जातं, पुस्तक न बघता. मी बघतच राहिले. ही आमच्या घरातली?

परीक्षेच्या आदी तिनं मोबाईल माज्याकडं दिला. म्हनाली, "बय, तूच ठेव. माज्याकडं असला तर मी बघत बसते."

आन त्याच मोबाईलवर क्लासातल्या सरांचा फोन आला. "आजी, उद्यापासून तीन दिवस जादा सराव पेपर ठेवलेत. निकिताला सगळं येतं, पण हात सावकाश आहे. ॲडव्हान्स शिकली म्हणजे पेपर वेळेत सुटतो असं नाही. पाठवा तिला." मी हो म्हनले.

पन त्याच तीन दिवसांत उरनकडं भाचीच्या पोरीचं लगन. माज्या मागं गानी उचलनारी बाई आजारी पडलेली. एकटीनं धवला होत नाय, आन निकिताचा गला गोड. तिनं विचारलं, "क्लासातून काय फोन?"

मी नाय म्हनले. एवढंच.

ती आली, गायली. मांडवातल्या बाया वलून वलून तिच्याकडं बघाय लागल्या. मी फुगले — काय सांगू, लय फुगले.

परीक्षेत अर्दा-पाऊन तास कमी पडला तिला. "येत व्हतं ग बय, हात पोचला नाय." नंबर लागला नाय. लेक क्लासात भांडायला गेला, आमी दोघी बरोबर. कसली ॲडव्हान्स बॅच, म्हनाला, पोरीला सराव दिला नाय तुमी. सर म्हनाले, जादा पेपर होते, मी स्वतः फोन केला होता, आजींनी उचलला.

लेकानं माज्याकडं बगितलं. मी मान हलवली — नाय.

निकितानं मोबाईल काढला, आलेल्या फोनांची यादी उघडली. बोटानं वर सरकवत गेली, आन बोट थांबलं. मना वाचता येत नाय, पन थांबलेलं बोट कलतं. तिनं माज्याकडं बगितलं नाय. मोबाईल पालथा केला आन म्हनाली, "नाय पप्पा. नव्हता आला."

अठरा वरसांची पोर. कुटून आनलं तिनं येवडं? मी येवडी म्हातारी, माज्यात नाय.

सर म्हनाले, "माझंच चुकलं असेल." समद्यांसमोर. आन मी त्या खुर्चीत बसून राहिले.