विधवेचं दुसरं लग्न

आमच्या घराण्याकडे नावात खानदानीपणाचं ‘फॉन’ होतं. त्याखेरीज चार मुली, गळकं छप्पर आणि बदकं. मी एकोणीस वर्षांची झाले तेव्हा वडिलांनी लिंडेनरोडा या जर्मन संस्थानाच्या राजमातेला पत्र धाडलं : ‘माझी थोरली अर्नेस्टीन उत्तम फ्रेंच वाचते.’

त्यात खोटं काही नव्हतं. गावच्या पाद्र्याने माझ्याकडून उच्चार घोटून घेतले होते. अर्थ त्यालाही ठाऊक नव्हता.

दरबारात माझं काम एकच. दुपारच्या कॉफीनंतर राजमाता सिबिलांना फ्रेंच कादंबरी वाचून दाखवायची आणि भरतकाम करत बसलेल्या बायकांना ती जर्मनमध्ये सांगायची. पहिल्या दिवशी वाचलेल्यातलं मला अवाक्षर कळलं नाही. पुस्तकातल्या चित्रात काळ्या कपड्यांतली एक बाई होती. ती विधवा असणार, असं मी ठरवलं आणि बाकीचं ठोकून दिलं. तिला बदकं पाळायला लावली, कारण मला तेवढंच ज्ञान होतं. बायका खूश झाल्या. मला वाटलं, आपण मोठ्या विदुषी! मान इतकी ताठ ठेवून चालू लागले की जिन्यावरून दोनदा पडले.

अशी अकरा वर्षं गेली. मग फ्रान्समधल्या क्रांतीतून पळून आलेले म्हातारे धर्मगुरू, फादर मोर्वां, आमच्याकडे आश्रयाला आले आणि वाचनाला येऊन बसले. त्यांना जर्मनही येत होतं, हे माझं नशीब. बायकांच्या आग्रहाखातर त्याच विधवेची गोष्ट पुन्हा चालू होती. मी तिचं दुसरं लग्न लावत असताना फादर खाकरले.

“बाईसाहेब, ही विधवा तिसाव्या पानावर मरते.”

माझ्या हातून पुस्तक पडलं. बायकांच्या सुया थांबल्या.

राजमातांनी कप खाली ठेवला. “ठाऊक आहे, फादर. सोळाव्या वर्षी वाचलंय मी ते. फार रडले होते. हिच्या गोष्टीत ती जगते. अगं, थांबलीस का? नवरदेव बदकांना घाबरून टेबलावर चढला होता.”

मी डोळे पुसत पुसत लग्न पार पाडलं.

पण माझी मला लाज वाटली. फादरांकडे जाऊन मी फ्रेंच शिकले. दोन वर्षांत शब्दन् शब्द अचूक सांगू लागले, आणि राजमाता पाचव्या मिनिटाला घोरू लागल्या. एकदा डोळे न उघडताच म्हणाल्या, “फादरनी तुझं वाटोळं केलं गं!”

पुढे वाचनाला दुसरी मुलगी आली. माझ्याकडे राजमातांचा कुत्रा फिरवायचं काम आलं. ते मी सतरा वर्षं केलं; तेवढ्या काळात एकामागून एक कुत्रे तीन झाले.