चादरीची कड

थंडी पडली म्हणून ट्रंकेतली मोठी चादर काढली. डांबरगोळ्यांच्या वासाखालून शेंगांच्या चटणीचा वास आला, की मला तसं वाटलं, कोण जाणे. तेलाचा डाग मात्र अजून आहे.

नव्या लग्नातली ती दिवाळीची सुट्टी. घरचे सगळे आणि शेजारची शमीम, असे आम्ही हैदराबाद बघायला गेलो होतो. गोवळकोंडा चढून-उतरून दमलो आणि झाडाखाली हीच चादर अंथरली. ह्यांच्या केम गावच्या आत्याबाईंनी बजावलं, "चादरीच्या भायेर बसून कुणी जेवायचं न्हाय." मग गुडघ्याला गुडघा लावून सगळे बसलो. कडक भाकरी मोडल्याचा आवाज, चटणीनं लाल झालेली बोटं, आणि घासाघासाला कुणीतरी म्हणायचं, "सरक की जरा." मी कडेला, अर्धी मातीत. कधी एकदा ऐसपैस बसायला मिळतंय, असं झालं होतं.

आत्याबाई गेल्या, हेही गेले. शमीम लेकाकडं पुण्याला असते.

आज दुपारी चादर खोलीभर अंथरली आणि भाकरी घेऊन तिच्यावरच जेवायला बसले. निम्मं जेवण झाल्यावर लक्षात आलं. एवढी चादर मोकळी पडलेली, आणि मी कडेलाच बसले होते, अर्धी फरशीवर.