टेकडीवर नुसतं पाहायला
राळेगावकडच्या आमच्या खेड्याला एक टेकडी होती. गायरान होतं ते, साऱ्या गावाचं. पण भादव्यात महालक्ष्म्या आल्या की तिथून फुलं आणायचं काम मात्र एकट्या आमच्या वस्तीचं. बाया सकाळीच जाऊन तेरडा, कुर्डू, आघाडा तोडून आणत आणि पाटलांच्या अंगणाबाहेर ठेवत. मग आतून कोणीतरी येऊन त्यावर पाणी शिंपडायचं आणि फुलं देवघरात न्यायचं. फुलं चालत, आमचे हात चालत नसत. याचा मला आजही संताप येतो, आणि तो जावा असं वाटतही नाही.

छप्पन्नच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन आम्ही बौद्ध झालो. पुढच्या भादव्यात मायनं पाटलांना सांगून टाकलं, की यंदापासून आम्ही फुलं आणणार नाही.

"फुलं नाही आणत, त टेकडीवर तुमचं काय काम?" पाटील म्हणाले. दुसऱ्या दिवशी पायवाटेच्या तोंडाशी बाभळीचे काटे पडले. वाट गेली म्हणजे आमची टेकडीच गेली.

मायनं मला उठवलं. "चाल. पण आज एक पानही तोडायचं नाही."

"मंग कायले जायचं?"

"पाह्याले."

काटे बाजूला सारून आम्ही शिरलो. गवत जनावरांचं, ते तुडवायचं नाही म्हणून माय मला वाट सोडू देईना. दोन्हीकडे गुलाबी तेरडा माजला होता, मध्येच कळलावी पेटलेली. जन्मभर माय इथं वाकूनच आलेली. मान वर करून फुलं पाहताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं. मला मात्र राहवेना. तेरड्याच्या पिकल्या शेंगा हात लागताच फुटतात. त्यातल्या चार मी हळूच खुडून मुठीत धरल्या.

खाली उतरलो तर पाटील उभे होते, सोबत त्यांचा सालदार गडी.

"पदरात काय हाय?"

मायनं पदर झटकला. काहीच नव्हतं.

"मंग गेल्ती काहून?"

"फुलं पाह्याले."

आमच्यासारखं माणूस नुसतं पाहायला जातं, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. त्यांची नजर माझ्यावर आली. "मूठ उघड वं पोरी."

मी उघडली. शेंगा तडतडल्या आणि बी त्यांच्या धोतरावर उडालं. मी घाबरून रडायला लागले.

"चोरी!" पाटील ओरडले.

माय शांतपणे म्हणाली, "गावचं बी गावच्याच जमिनीवर पडलं. पायजे त वेचून घ्या, पाटील. पण घरात नेतानी पाणी शिंपडजा. आमचा हात लागला हाय."

सालदारानं तोंड फिरवलं. त्याला हसू आवरत नव्हतं.

घरी आल्यावर मायनं मला एक ठेवून दिली. "त्याचा हुकूम मोडला त मोडला, पण आपलं ठरलेलं काहून मोडलं? उद्या पुन्हा जायचं. हात रिकामे ठेवजो."

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या साऱ्या बाया आल्या. काटे पुन्हा पडले, आम्ही पुन्हा सारले, असं चार दिवस चाललं. मग पडायचे थांबले.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी आम्ही उतरत होतो, तेव्हा पाटलीणबाई टोपली घेऊन धापा टाकत चढत होत्या. वाट अरुंद होती. मायनं मला हाताला धरून बाजूला ओढलं आणि त्यांना वाट दिली. टेकडी त्यांचीही होतीच की.