थेंबाएवढं तेल

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमारास कुसुमताईंच्या विद्यार्थिनीचा, अश्विनीचा फोन आला. मी कूलरमध्ये पाणी भरत होतो. "सर, मॅडम उठून नाही राहिल्या," ती म्हणाली. मला वाटलं, रुसून पडल्या असतील. "चहा टाक, वासानं उठतील," मी म्हणालो. पलीकडून पुन्हा तेच वाक्य, पण आवाज फुटलेला... तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुसुमताई जेवून आडव्या झाल्या होत्या, त्या झोपेतच गेल्या. त्यांचं घर माझ्या घरापासून ऑटोनं दहा मिनिटांवर. गेलं वर्षभर मी तेवढं अंतर गेलो नव्हतो. का गेलो नव्हतो, ते सांगायलाच आज लिहायला बसलो आहे. दोन गोड शब्द लिहून मोकळा झालो असतो तर कुणी विचारलं नसतं, पण ताईंना ते अजिबात खपलं नसतं.

ताई प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक. नरखेडकडच्या एका गावात मोसंबीच्या बागेत वाढल्या, नागपुरात शिकल्या, इथल्याच कॉलेजातून निवृत्त झाल्या, आणि आयुष्यभर अभ्यास केला तो दक्षिण ध्रुवाभोवतीच्या समुद्रात तरंगणाऱ्या, तांदळाच्या कणीएवढ्या जीवांचा. शास्त्रात त्यांना प्राणिप्लवक म्हणतात. आमच्या उन्हाच्या भट्टीत बसून बर्फातल्या जीवांचा अभ्यास करणारी बाई म्हणून लोक त्यांची थट्टा करत. तरुणपणी एकदा त्या स्वतः तिकडच्या मोहिमेच्या जहाजावर जाऊन आल्या होत्या. नातेवाईक विचारायचे, पेंग्विन पाहिला का? ताई म्हणायच्या, "पेंग्विनच्या ताटात काय वाढलं आहे, ते पाहून आली मी." पुढे दरवर्षी मोहीम परतली की जाळ्यात सापडलेल्या जीवांच्या काही बरण्या ओळख पटवण्यासाठी ताईंकडे येत. मे महिन्यात, ऐन उन्हात. कूलरच्या खसचा आणि जीव टिकवणाऱ्या फॉर्मलिनचा मिळून जो एक वास त्यांच्या मागच्या खोलीत भरून राहायचा, तो मला अजून कूलर लावला की येतो.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. या जीवांची चित्रं काढायला कुणी हवं होतं म्हणून ताई मला शोधत शाळेत आल्या. आल्या त्या पर्समध्ये मूठभर तूरडाळ घेऊन. टेबलावर दहा दाणे ठेवले आणि म्हणाल्या, काढा. मी अर्ध्या तासात झकास दहा दाणे काढून दिले. त्यांनी चष्मा पुसला, एकदा कागद पाहिला, एकदा डाळ. "मास्तर, तू एकच दाणा दहादा काढला ना गा?" मी हसलो. त्याही हसल्या. मला पुन्हा बसवलं आणि दहा निराळे दाणे काढेपर्यंत उठू दिलं नाही. तेव्हापासून मी त्यांचा मास्तर झालो आणि चित्र काढताना त्या मागून जाता जाता एकच म्हणायच्या, "दिसते ते काढ."

मला काढायचा होता तो कोपेपॉड नावाचा जीव. पारदर्शक अंग, वल्ह्यासारखे पाय, आणि पोटातून लांबवर गेलेला तेलाचा थेंब, काचेच्या मण्यासारखा चमकणारा. सगळी गोष्ट या थेंबाची आहे, असं ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. ध्रुवाकडचा उन्हाळा जेमतेम काही आठवड्यांचा. तेवढ्यात पाण्यात शेवाळ माजतं, ते खाऊन हा जीव तेल साठवतो. मग सूर्य दिसेनासा होतो, वर बर्फ धरतो, आणि हा खोल अंधारात उतरून महिनोन्‌महिने त्या बेगमीवर निजून राहतो. त्याला छोटे मासे खातात, माशांना पक्षी आणि सील खातात. हे तेल त्या समुद्रात वरपर्यंत चढत जातं. "आणि थेंब लहान झाला तर?" मी विचारलं होतं. ताईंनी बागेतली मोसंबी आठवून सांगितलं. एखाद्या वर्षी फळ बाहेरून पिवळंधमक दिसायचं, वजन भरायचं, आणि चिरलं की आत कोरडं. "मासा पोटभर खाईन, पण अंगाले नाही लागणार. उपाशी मरून राहिला, हे त्याले सुदीक कळणार नाही." त्या हे इतक्या सहज म्हणाल्या की मला त्या मे महिन्यात थंडी वाजल्यासारखं झालं.

थेंबाच्या बाबतीत ताईंचा एक नेम होता. फॉर्मलिनमध्ये तेल हळूहळू गळतं, म्हणून बरणी आल्यापासून बरोबर पंधराव्या दिवशी चित्रं काढायची. आदल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. म्हणजे यंदाचा थेंब गेल्या वर्षीच्या थेंबाशेजारी ठेवता येतो. माझ्या पुतणीच्या लग्नातून त्यांनी मला एकदा उठवून आणलं होतं. जाती ओळखणं, मोजदाद करणं त्यांचं काम. थेंबाची मापं मात्र त्या माझ्या चित्रांवरून घेत, कारण पुढे पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. सूक्ष्मदर्शकाला एक छोटा आरसा जोडलेला असे. त्यातून खालचा जीव कागदावर पडल्यासारखा दिसतो, आणि पेन्सिल त्याच्या कडेवरून फिरवायची. पहिल्या वर्षीचं माझं चित्र एका पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापून आलं. त्यातल्या थेंबावरची चकाकी मला अशी काही साधली होती की मी स्वतःवरच खूश होतो. तिथेच पाणी मुरलं...

अश्विनी ताईंची शेवटची विद्यार्थिनी, त्यांच्याच घरी वरच्या मजल्यावर राहणारी. तीन वर्षांपूर्वी ती जहाजावर गेली. जाळं वर आलं की जिवंत जीव तिथेच पाहायची. परतल्यावर ती ताईंना म्हणाली, "मॅडम, थेंब बारीक वाटून राहिले मले. पहिल्यासारखे नाही." ताईंनी माझी तोवरची सगळी चित्रं टेबलावर मांडली. सगळे थेंब टपोरे. "जहाज हलते, पोरी. मास्तरचा कागद हलत नाही," त्या म्हणाल्या. अश्विनीनं आपल्या प्रबंधातला तेवढा भाग काढून टाकला. मी शेजारी बसून चहा पीत होतो. त्या स्तुतीनं माझी छाती फुगली होती, हे सांगताना आज लाज वाटते.

गेल्या वर्षी ताईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मे महिन्यात, पंधराव्या दिवशी, मी चित्र पुरं करून ठेवलं आणि त्यांनी उगाच, नवा डोळा कसा चालतो ते पाहायला, भिंगाला डोळा लावला. बराच वेळ त्या वाकलेल्याच राहिल्या. मग माझा कागद उचलला. पुन्हा भिंग. पुन्हा कागद. "मास्तर, इथं तर दोऱ्याएवढा आहे. तुझा एवढा मोठा काहून?" मी पाहिलं. खरंच दोऱ्याएवढा होता. मी तो तासाभरापूर्वीही पाहिला होता, आणि तरी... मग मला सांगावंच लागलं. कडा मी दरवर्षी आरशातून इमानदारीनं काढायचो. पण थेंब? थेंब मला पाठ झाला होता. तो पहिल्या चित्रातलाच काढत आलो, कारण तो सुंदर होता, आणि बारीक थेंब दिसला की वाटायचं, हा एखादा आजारी असेल, चित्रात धडधाकट हवा. शाळेत पोरांचं वाकडं फूल सरळ करून द्यायची सवय. डाळीचा एकच दाणा मी अकरा वर्षं काढत होतो.

ताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खाली बसल्या. फडताळातल्या जुन्या बरण्यांकडे पाहत म्हणाल्या, "त्यातलं तेल तर कधीचंच गळलं. आता कोणाले विचारायचं?" थेंब कधीपासून आटू लागला, एकदम आटला की हळूहळू, हे सांगणारी दुसरी काही नोंद त्यांच्याकडे नव्हती. माझ्या चित्रांवर विसंबून त्यांनी ठिकठिकाणी सांगितलं होतं की काळजीचं कारण नाही. थोड्या वेळानं त्यांनी अश्विनीला खाली बोलावलं आणि माझ्यादेखत तिच्यासमोर हात जोडले. "तू बरोबर पाहिलं होतं, पोरी." मी चप्पल घालून बाहेर पडलो, तो पुन्हा गेलो नाही. त्यांचे फोन आले, मी उचलले नाहीत. शेवटचा एकच उचलला, त्या गेल्या त्याच्या आठ दिवस आधी. "बरण्या येऊन राहिल्या. पंधराव्या दिवशी येजो गा, मास्तर." मी पाहतो म्हणालो. पाहतो!

ताईंच्या तेरवीला अश्विनीनं मला मागच्या खोलीत नेलं आणि माझी सगळी चित्रं पुढ्यात ठेवली. मला वाटलं होतं, त्यांनी ती फाडली असतील. प्रत्येक चित्राच्या पाठीवर ताईंच्या अक्षरात पेन्सिलनं लिहिलं होतं, रेघ बरोबर, थेंब चूक. पहिलं तेवढं सोडून सगळ्यांवर. वर्षभर बसून त्यांनी ते केलं होतं, आणि ज्यांना ज्यांना त्यांनी निर्धास्त केलं होतं त्या सगळ्यांना आपली चूक झाल्याची पत्रं लिहिली होती. आपली, असंच. माझं नाव कुठल्याच पत्रात नव्हतं. मी त्या खोलीत, त्या वासात, लहान मुलासारखा रडलो.

बरण्या आल्या. मी पंधराव्या दिवशी गेलो. ताईंचं स्टूल भिंतीशी होतं, तिथेच राहू दिलं. अश्विनीनं पहिला जीव काचेवर ठेवला, मी आरसा लावला आणि कड काढली. थेंब दोऱ्याएवढा होता, दोऱ्याएवढा काढला. दुसरा त्याहून बारीक. तिसऱ्यात मी थेंब बराच वेळ शोधत राहिलो. भिंग बदललं, दिवा वाढवला, काच जरा फिरवली. मागून कुणीतरी जाईल असं वाटत होतं... कूलरचाच आवाज होता. चित्र पुरं करून मी कागद बाजूला ठेवला तेव्हा अश्विनी वाकून म्हणाली, "सर, यात थेंब काढाचा राहिला." मी उठून तिला जागा दिली. तिनं भिंगाला डोळा लावला आणि कितीतरी वेळ उचलला नाही. मी कागद उलटा केला, पेन्सिल घेतली आणि पाठीवर लिहिलं, रेघ बरोबर, थेंब बरोबर.