साखरपुड्यातला रिसोट्टो

मुलीच्या साखरपुड्याचं जेवण माझ्या मेहुण्याने ठरवलं. तो बायकोचा धाकटा भाऊ. पुण्यात राहतो आणि परदेशात दोन-चार चकरा झाल्यापासून त्याला पोहे आवडेनासे झाले आहेत. पदार्थांची नावं त्याने फोनवर पाठवली. मी वाळूजच्या एका कारखान्यात सुटे भाग मोजून पास-नापास करतो. न कळलेल्या गोष्टीला हो म्हणायची मला सवय नाही, म्हणून एकेक शब्द शोधत बसलो.

पोलेंटा म्हणजे मक्याच्या भरडीचा घाटा निघाला. हमस म्हणजे काबुली चण्यांची तीळ घातलेली चटणी. ब्लांच करणं म्हणजे भाजी उकळत्या पाण्यात बुडवायची आणि लगेच पश्चात्ताप होऊन गार पाण्यात टाकायची. ‘अमूज बूश’ नावाचा पदार्थ तर एका घासाचाच होता. एवढा घास आम्ही कावळ्यासाठी काढतो. हे मी बोलून दाखवलं, तर शुभकार्यात कावळ्याचं नाव काढलं म्हणून बायको संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

रिसोट्टोबद्दल मी मेहुण्याला फोनच केला.

“भातच असतो, दाजी. फक्त अल देन्ते. म्हणजे दाताखाली जरासा लागला पाहिजे.”

“त्याला आपल्याकडं भातात कणी राहिली म्हणतात. त्यावरनं माझी आई तुझ्या बहिणीला वर्षभर बोलत होती. तेव्हा का नाही आलास समजवायला?”

“दाजी, तुम्ही ना, नुसतं या आणि उभे राहा.”

माझी काळजी वेगळी होती. मुलगा मुलीने स्वतः पसंत केला होता. घर खुलताबादजवळचं, शेतीवाडीचं. त्या घरात शब्द चालतो मुलाच्या थोरल्या चुलत्यांचा आणि त्यांनी होकार दिला तो कुरकुरतच. शहरातल्यांना माणसाची कदर नसते, असं त्यांचं मत. लग्नाची तारीख काढणं त्यांनी मुद्दाम लांबवलं होतं. “साखरपुड्याचं जेवण होऊ द्या, मग बोलू,” एवढंच म्हणाले होते. मुलीला त्या रात्री झोप आली नव्हती.

पडेगावच्या लॉनवर दुपारी अंगठ्या घालून झाल्या. वडीलधाऱ्यांना हातात ताट धरून रांगेत उभं करायचं नाही, एवढी एक अट मी मेहुण्याकडून मान्य करून घेतली होती. त्यांना टेबलावर वाढायला काळे हातमोजे घातलेली माणसं होती. लांबून पाहिलं तर सगळं नीट चाललं होतं.

थोड्या वेळाने मेहुणा खूश होऊन आला. “दाजी, तुमचे पाहुणे तब्येतीला फार जपतात हो. कुणी काहीच घेत नाहीये. नुसतं पाणी पितायत.”

मी त्या टेबलाकडे कान लावला. हातमोजेवाला विचारत होता, “सर, रिसोट्टो?” चुलते म्हणत होते, “नको.” आणि तो खरंच पुढे जात होता! आमच्याकडे पहिला ‘नको’ रीतीचा असतो. दुसरा ऐकून वाढणाऱ्याने वाढायला सुरुवात करायची. तिसऱ्याला ताटावर हात आडवा आला, तर थोडा विचार करायचा. ज्या घरात पहिल्याच नकाराला भांडं मागे जातं, तिथे पाहुणा नकोसा झालाय असा अर्थ होतो. चुलत्यांनी पंक्तीतला पहिला नकार दिल्यावर बाकीच्यांनी तोच धरला होता. टेबलावरची सगळी ताटं धुतल्यासारखी कोरी होती. आणि चुलते टोपी नीट करत होते. म्हणजे उठणार.

मी निघेपर्यंत मुलगी शालू सावरत तिथे पोचली होती. तिने हातमोजेवाल्याच्या हातातलं भांडं काढून घेतलं.

“मोठे बाबा, वाढते.”

“नगं पोरी. पोट भरलंय.”

“पाण्यानं?”

“व्हय. लई गार व्हतं.”

“मग त्याच्यावर थोडा भात बसंल की.” तिने डाव घातला.

“अगं, लई झालं, लई झालं!” चुलत्यांचा हात हलला, पण ताटाच्या कडेला; आडवा आला नाही. तिने दुसरा डाव घातला.

“अगं, ते नाही म्हणतायत!” मेहुणा कुजबुजला.

“मामा, तुम्ही जरा तिकडं थांबा.”

चुलत्यांचं ताट भरलं, तशी बाकीची ताटं पुढे सरकली. चुलत्यांनी घास तोंडात घेऊन बराच वेळ चावला.

“भात कच्चा हाय.”

“काका, इटलीत असाच खातात,” मेहुणा म्हणाला.

“इटलीहून कोण आलंय आज?”

कोणीच आलेलं नव्हतं. “पाणी घालून झाकण ठिवा म्हणावं,” चुलते म्हणाले. “आमी बसतो.”

आचारी म्हणाला, त्याने पदार्थाचा पोत जाईल. मी विचारलं, आणखी किती मिनिटं लागतील? तो म्हणाला, अंदाजाने बघावं लागेल. मग झाकण मीच ठेवलं आणि घड्याळ बघत उभा राहिलो. भात खिमटासारखा मऊ झाला. चुलत्यांनी तो दोनदा मागून घेतला.

हात धुऊन झाल्यावर ते माझ्याकडे वळले. “हे बघा, लग्नाला आचारी आमचा. तुमी फकस्त तारीख काढा.”

मेहुण्याला हा अपमान वाटला. मुलीने भांडं हातमोजेवाल्याला परत दिलं आणि स्वतःसाठी ताट घेतलं.