आमच्या लाडक्या गार्डला ट्रेड केलं

मंडळी, आज सकाळी आपल्या बास्केटबॉल टीमने तो चेंडू खेळवणारा एकवीस वर्षांचा स्टार गार्ड ट्रेड केला, म्हणजे दुसऱ्या शहराच्या टीमला देऊन टाकला. बदल्यात बास्केटखाली खेळणारा एक उंच, अनुभवी सेंटर आला. लंचला मी ऑफिसात ठासून सांगितलं, "निर्णय बरोबर आहे यार! जिंकायचं तर उंच माणूस हवाच."

संध्याकाळी टीव्हीवर तो पोरगा दिसला. बातमी त्याला आईच्या फोनमुळे कळली होती. तिला नुकतंच इथे आपल्या ट्रॉय शहराजवळ घर घेऊन दिलंय, हे त्याने दोनदा सांगितलं.

माझी लेक इरा म्हणाली, "बाबा, डिड एनीवन आस्क हिम?"

"नाही गं. विचारत नाहीत."

ती उठून आत गेली.

टीम सुधारेल, हे मला अजूनही पटतं. पण त्याला आधी समोर बसवून सांगता आलं नसतं का? तुम्ही मॅनेजर असता तर काय केलं असतं?