माहेरच्या दप्तरातला कागद

जुना कागद वाचताना मी अंदाजानं शब्द जोडला, की टेंबे सर खुर्चीच्या दांडीवर बोटानं टकटक करायचे. डोळे गेलेले, पण कान तिखट. "अंदाज नको, पारूबाई. लिहिलंय तेच वाचा. नसेल कळत तर कळत नाही म्हणा, त्यात लाज नाही."

सर पुण्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. जुने कागद शोधत फिरताना पेठला आमच्या पुढच्या खोलीत उतरायचे, निवृत्तीनंतर कायमचेच आले. बायको नाही, मूल नाही. त्यांनी लिहिलेलं एक जाडं पुस्तक होतं. दोन राजवटी एकाच गावाकडं वसूल मागत होत्या, तेव्हा कुणाला मानायचं ते पठारावरच्या एका गावानं सभा भरवून स्वतः ठरवलं, असं त्यात होतं. पुरावा म्हणजे सभेचा कागद, खाली सहीच्या जागी नांगरांची चित्रं. त्या पुस्तकानं सरांना मोठी जागा दिली, मान दिला. ते म्हणायचे, "राजांचं सगळेच लिहितात. मी तुमच्या खापरपणज्यांचं लिहिलं."

ते गाव माझं माहेर.

नजर अधू होत गेली तशी त्यांनी मला मोडी शिकवली. मी चौथी पास. म्हणाले, "सर, ह्या वयात मला न्हाई जमायचं."

"गवार निवडताना किडकी शेंग बरोबर सापडते ना? मग हेही जमेल."

जमलं, पण रडतखडत. मोडीत शब्द तोडलेले नसतात, सगळी ओळ सलग. पाच वर्षं मी त्यांना वाचून दाखवलं, पण दर ओळीला अडखळत.

मग माहेरच्या माळ्यावर जुन्या कागदांचं एक दप्तर निघालं. मीच ते फडक्यात बांधून जीपनं आणलं. सरांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. "वाचा, वाचा! सभेच्याच सालचं आहे का?"

त्याच सालचं होतं. मी आधी मनात वाचलं. गडावरच्या कारभाऱ्यानं पाटलाला लिहिलं होतं: सभेचा मजकूर लिहून पाठविला आहे, त्यावर नांगराच्या निशाण्या करून घेणे, तोवर तुझा भाऊ गडावर अटकेत राहील. म्हणजे सभा झालीच नव्हती. पाटलाचा भाऊ सुटावा म्हणून नांगर काढले होते.

मी सरांच्या तोंडाकडं पाहिलं आणि खोटं वाचलं. गाव जमलं, सगळ्यांनी विचार करून ठरवलं, असं.

टकटक झाली नाही. सर म्हणाले, "आज एकदाही अडखळला नाहीत."

मी कागदाची घडी घालू लागले.

"आता लिहिलंय ते वाचा."

वाचलं. मग त्यांनी माझ्याच हातानं पुण्याला छापायला चिठ्ठी लिहवून घेतली: माझं सभेवरचं तिसरं प्रकरण चुकलं आहे. खाली चाचपडत सही केली.

"पारूबाई, पाच वर्षांत तुम्ही वाचलेलं सगळं आता पुन्हा तपासावं लागेल."

"बाकी समदं खरं हाय, सर."

"असेल. पण मला कसं कळणार?"

त्यानंतर त्यांनी माझ्याकडून काही वाचून घेतलं नाही. चहा घ्यायचे, "बरा झालाय" म्हणायचे. बोट दांडीवर नुसतं पडून असायचं. तीन महिन्यांनी गेले.

चिठ्ठी कुणी छापली नाही. शोकसभेला पुण्याचे प्राध्यापक आले आणि त्याच पुस्तकाचं कौतुक करू लागले. मी उठून सांगितलं, "तिसरं प्रकरण चुकलंय. सर सोताच म्हणले व्हते." दप्तरातला कागद पुढं केला.

एकानं तो उलटसुलट पाहिला. "सरांना हा कुणी वाचून दाखवला?"

"मी."

"नीट वाचला होता?"

मी म्हणाले, "दुसऱ्या खेपेला."